सापडला आहे: एक चष्मा

दुकान उघडून चार महिने झाले तेव्हा चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं, की आपल्या दुकानाचा पत्ता जगात फक्त तिघांना पाठ आहे: आपल्या बायकोला, जागेच्या मालकाला आणि विजेच्या मीटरचा आकडा उतरवून घ्यायला येणाऱ्या माणसाला. शेवटचे दोघे महिन्यातून एकदा न चुकता येत. दुर्दैवाने दोघांचीही नजर उत्तम होती.

दुकानात उणं काहीच नव्हतं. भिंतींवर काचेच्या फळ्या, फळ्यांवर तीनशे फ्रेमा, मध्ये आरसा, कोपऱ्यात नंबर काढताना बसायचं उंच फिरतं स्टूल आणि समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांपासून बारीक अक्षरांपर्यंत उतरत गेलेला तक्ता. बावीस वर्षं दुसऱ्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासल्यावर चष्मेवाल्यांनी हे स्वतःचं थाटलं होतं. दारावर पाटी होती, तीसुद्धा ऐऱ्यागैऱ्याने सुचवलेली नाही. गल्लीतल्या निवृत्त हेडमास्तरांनी दोन दिवस विचार करून नाव काढलं होतं, ‘क्षितिज’. “माणसाची नजर जिथवर पोचते ते क्षितिज,” असं त्यांनी समजावून सांगितलं तेव्हा चष्मेवाल्यांना भरून आलं होतं. पाटीवर तेवढा एकच शब्द होता, निळा, वळणदार. खाली आणखी काही खरडून त्याची शोभा घालवावी असं कोणालाच वाटलं नाही. चार महिन्यांत ती पाटी वाचून आत आलेल्यांपैकी एकाला सहलीची दोन तिकिटं हवी होती आणि एक बाई मुलीचं नाव गाण्याच्या वर्गात घालायला आल्या होत्या. लोकांना हल्ली काही कळत नाही, अशी चष्मेवाल्यांनी मनाशी नोंद केली आणि फळ्या पुसायला घेतल्या.

चष्मेवाल्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, हा या कथेतला यशस्वी माणूस. हमरस्त्यावर त्याचं सोफ्यांचं दुमजली दुकान. एका रविवारी तो आला, नंबर काढायच्या स्टुलावर बसून दोन गिरक्या घेतल्या आणि म्हणाला, “दाजी, किती दिवस माश्या मारणार? या आमच्याकडे. दाराशी छान खुर्ची टाकतो. येईल त्याला नुसतं ‘या, बसा’ म्हणायचं. तुमच्यासारखा भारदस्त माणूस दाराशी असला की दुकानाला वजन येतं.”

चष्मेवाल्यांच्या काळजात ते ‘या, बसा’ रुतून बसलं. बावीस वर्षं त्यांनी ‘वर बघा’ म्हटलं की माणसं वर बघत आली होती आणि ‘खाली बघा’ म्हटलं की खाली. आता उतारवयात सोफे विकत घेणाऱ्यांना बसायला सांगत बसायचं! पण प्रत्युत्तर द्यायचं तर दुकानात एखादं तरी गिऱ्हाईक असावं लागतं. ते नसल्यामुळे ते नुसतेच खाकरले.

निकाल बायकोने लावला. घरातले निकाल तीच लावत असे, फक्त ते चष्मेवाल्यांनी लावले असं बाहेर सांगायची तिची पद्धत होती. “एक महिना,” ती म्हणाली. “महिन्यात पन्नास चष्मे गेले, तर दुकान राहील आणि हा विषय पुन्हा घरात निघणार नाही. नाही गेले, तर तुम्ही याच्याकडे जायचं, आणि तोंड वाकडं न करता जायचं.” मग तिने भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उलटं टांगलं, मार्कर आणला आणि सांगितलं, की एका चष्म्याला एक रेघ. पहिल्याच दिवशी शेजारच्या शिंप्याने शेजारधर्म म्हणून चष्मा केला, तेव्हा तिने बोटाएवढी जाड रेघ ओढली. तिच्या उत्साहाचं चष्मेवाल्यांना फार कौतुक वाटलं.

आता जगात फुकट मिळणाऱ्या वस्तू फार थोड्या, पण त्यांत सल्ल्याचा साठा कधी संपत नाही. जाहिरात करायची आणि तीही स्वस्तात, एवढं कळताच गल्लीने कंबर कसली. शिंपी म्हणाला, पत्रकं वाटा. हेडमास्तरांनी मजकूर लिहून दिला. त्यात आधी डोळ्यांचं मानवी जीवनातलं स्थान होतं, मग दुर्लक्षाचे परिणाम, आणि दुकानाचा पत्ता सतराव्या ओळीला. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने काटकसरीचा मार्ग दाखवला. “एका कागदावर चार पत्रकं बसवली तर स्वस्त पडतं. आठ बसवली तर आणखी स्वस्त.” चष्मेवाल्यांनी सोळा बसवली.

पहिलं पत्रक त्यांनी घरी नेऊन बायकोच्या हातात ठेवलं. तिने ते हात लांब करून धरलं, मग दिव्याजवळ नेलं, मग परत दिलं. “छानच झालंय की. तुम्हीच वाचून दाखवा. तुमच्या आवाजात बरं वाटतं.” चष्मेवाल्यांनी ते दोनदा वाचून दाखवलं.

पेपरवाल्याकरवी आठशे पत्रकं आठशे घरांत गेली. आठवडाभर कोणी फिरकलं नाही. शेवटी शिंपी इस्त्री बाजूला ठेवून आला, नवा चष्मा नाकावर नीट बसवला, पत्रक बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाला, “यात एक घोळ आहे बघा. हे ज्याला वाचता येतं त्याला तुमची गरज नाही. आणि ज्याला तुमची गरज आहे त्याला हे वाचता येत नाही.”

चष्मेवाल्यांनी उरलेली पत्रकं काचा पुसायला घेतली. त्या कामाला ती उत्तम होती.

मग फलक करायचं ठरलं. अक्षरं हातभर उंच, हमरस्त्याच्या वळणावर, म्हणजे आंधळ्यालाही दिसेल. पण त्याला परवानगी लागते. परवानगीच्या खिडकीमागचा कारकून अर्ज नाकाला टेकवून वाचत होता. त्याचा नंबर काय असेल हे चष्मेवाल्यांना खिडकीबाहेरूनच कळलं, पण कार्यालयीन कामात व्यत्यय नको म्हणून ते गप्प राहिले.

“फलक लावलेल्या जागेचा फोटो जोडा,” कारकून म्हणाला.

“फलक अजून लावलेला नाही.”

“मग लावा आणि फोटो काढा.”

“लावला तर चालेल?”

“परवानगीशिवाय लावला तर उचलून नेऊ.”

चष्मेवाल्यांनी थोडा विचार केला. “मग माणसाने करावं काय?”

“ते तुमचं तुम्ही बघा. इथे फक्त अर्ज घेतात.”

चष्मेवाले सरळ माणूस. त्यांनी फलक लावला आणि फोटो काढण्यासाठी झेरॉक्सवाल्याला बोलावून आणायला गेले. ते येईपर्यंत त्याच कार्यालयाची गाडी फलक घेऊन गेली होती. तो सोडवून आणण्यासाठी दुसरा अर्ज होता, आणि त्याला फलकाचा फोटो जोडायचा होता.

अर्धा महिना सरला. कॅलेंडरवर नऊ रेघा झाल्या. त्यांतल्या दोन हेडमास्तरांच्या, एक जवळच्या चष्म्याची आणि एक लांबच्या. मजकूर आपला होता, ही टोचणी त्यांना असावी. मेहुण्याने येता जाता खुर्चीचा रंग कोणता हवा हे विचारायला सुरुवात केली.

अशाच एका रिकाम्या दुपारी चष्मेवाले दारात उभे असताना त्यांची नजर कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाकडे गेली. खांबावर शिकवण्या, औषधं, भाड्याच्या खोल्या, सगळ्यांच्या जाहिराती डकवलेल्या होत्या आणि माणसं त्यांना खांदा घासून पुढे जात होती. पण एका चिठ्ठीपाशी प्रत्येक जण थांबत होता. चिठ्ठीत एक मांजर हरवलं होतं. अर्ध्या तासात अकरा माणसं थांबली. एका बाईंनी तर वाचून झाल्यावर उभ्या गाडीखाली वाकून पाहिलं. चष्मेवाले आत गेले, मोठ्ठा कागद घेतला आणि मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं: ‘सापडला आहे. एक चष्मा. ओळख पटवून घेऊन जावे.’ खाली पत्ता.

“पण सापडलाय कुठे?” बायकोने विचारलं.

“आज सकाळीच. स्टुलाखाली. दोन दिवस शोधत होतो.”

“तो आपलाच होता.”

“आपला असला म्हणून काय झालं? सापडला तर खरा ना?”

बायको गप्प बसली. तिच्या गप्प बसण्याला अठ्ठावीस वर्षांचा अनुभव होता, पण चष्मेवाल्यांनी तिकडे काणाडोळा केला. सापडलेल्या वस्तूच्या चिठ्ठीला परवानगी लागत नाही, असा निर्वाळा हेडमास्तरांनी दिला होताच. संध्याकाळपर्यंत वीस खांबांवर वीस चिठ्ठ्या झळकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर रांग होती.

चष्मेवाल्यांनी शर्टाची बटणं नीट केली आणि दार उघडलं. माणसं एकामागून एक येत होती, आपापल्या चष्म्याचं वर्णन सांगत होती, तो कसा हरवला, तेव्हा कोण कोण बरोबर होतं, त्याआधीचा कसा हरवला होता, सगळं तपशीलवार. वर्णन जुळत नाही म्हटलं की निमूटपणे उठत होती. “मग नवाच करून देऊ का?” चष्मेवाले हळूच सुचवत. त्यावर सगळ्यांचं उत्तर एकच. “छे हो, नवा कशाला? तुम्हाला एक सापडला, म्हणजे कोणाला तरी आमचाही सापडेल. जगात अजून चांगली माणसं आहेत.”

चष्मा परत मिळण्याची आशा सोडलेला माणूस हेच चष्मेवाल्याचं खरं गिऱ्हाईक. चष्मेवाल्यांनी पदरमोड करून त्या सगळ्यांच्या आशेला पालवी फोडली होती. तीन दिवसांत साठ माणसं येऊन गेली आणि कॅलेंडरवर एक रेघ वाढली नाही.

रेघ वाढली नाही, पण सामान वाढू लागलं. इथे हरवलेल्या वस्तू सांभाळतात अशी बातमी पसरली आणि लोक सापडलेल्या वस्तू आणून देऊ लागले. छत्र्या आल्या, किल्ल्या आल्या, हातात धरायच्या काठ्या आल्या, एक डावा बूट आला. एका गृहस्थांनी चांगल्या स्थितीतली कवळी रुमालात गुंडाळून आणली. प्रत्येक जण वस्तू ठेवून असा तृप्त चेहऱ्याने जाई, की त्याला ‘परत न्या’ म्हणणं चष्मेवाल्यांच्या जिवावर येई. हेडमास्तर तर आनंदाने उजळले. त्यांनी वही आखली, रकाने पाडले आणि नंबर काढायच्या स्टुलावर बैठक मारून नोंदी घेऊ लागले. आता कोणी खरोखर डोळे तपासायला आलंच असतं तर बसायला जागा नव्हती. करायला गेले एक आणि झालं भलतंच, ते असं.

त्या रांगेत एक आजी होत्या. पहिल्या दिवशी आल्या तेव्हा भिंतीला हात लावत लावत आल्या होत्या. काळी फ्रेम, डाव्या काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला. अकरा वर्षं तोच चष्मा. बसमध्ये कुठेतरी पडला.

“बहिणीची तीन पत्रं आली आहेत रे बाबा,” त्या म्हणाल्या. “शेजारीण वाचून दाखवते, पण मधलं मधलं गाळते. मला कळतं. काही वाईट असलं की तिचा आवाज भरभर चालतो.”

चष्मेवाल्यांना ‘नाही सापडला’ म्हणवेना. त्यांनी उद्या या म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हेडमास्तरांना स्टुलावरून उठवलं, ओळख पटवायची म्हणजे नंबर जुळायला हवा अशी थाप मारली आणि आजींचा नंबर काढला. मग बसून काचा घासल्या, काळी फ्रेम निवडली, डाव्या काडीला पांढरा दोरा गुंडाळला आणि तो जुना दिसावा म्हणून बोटाने धूळ चोळली. खोटं काम इतकं मन लावून त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

चौथ्या दिवशी आजी आल्या तेव्हा दुकान गच्च भरलं होतं. दाराशी मेहुणा होता. गर्दीची वार्ता ऐकून तो जातीने पाहायला आला होता आणि “दाजी, छुपे रुस्तम निघालात की!” असं मोठ्याने म्हणत होता. काउंटरपाशी चौकीतला हवालदार होता. सापडलेल्या वस्तू चौकीत जमा करायच्या असतात, परस्पर वाटता येत नाहीत, हे सांगून त्याने यादी करायला घेतली होती आणि कवळीशी अडला होता.

चष्मेवाल्यांनी चष्मा आजींच्या हातात ठेवला. “हाच का बघा.”

आजींनी आधी दोरा चाचपला. मग चष्मा डोळ्यांवर चढवला आणि समोरचा तक्ता वाचायला सुरुवात केली. वाचत वाचत त्या शेवटच्या ओळीपर्यंत आल्या. चेहरा फुलला. मग कसलातरी विचार करून त्यांनी चष्मा काढला आणि काउंटरवर ठेवला.

“हा माझा नाही.”

“असं कसं? दोरा बघा की!”

“दोरा माझ्यासारखाच आहे. पण माझ्यातून एवढं लख्ख दिसत नव्हतं रे. कोणाचा तरी चांगला चष्मा आहे हा. ज्याचा असेल तो बिचारा चाचपडत असेल. दुसऱ्याची वस्तू नको मला.” आणि त्या भिंतीला हात लावून दाराकडे निघाल्या.

“मालक सापडला नाही,” असं पुटपुटत हवालदाराने यादीत एक ओळ वाढवली आणि चष्मा आपल्याकडे ओढला.

चष्मेवाल्यांनी दाराशी उभ्या मेहुण्याकडे पाहिलं, भरलेल्या दुकानाकडे पाहिलं आणि भिंतीवरून सरकत जाणाऱ्या त्या हाताकडे पाहिलं. गप्प राहिलं तर अब्रू राहत होती.

“थांबा, आजी,” ते म्हणाले. “तो कोणाचाच नाही. नवा आहे. तुमच्यासाठी मी बनवलाय. धूळसुद्धा मीच लावलीय.”

“सापडलेला नाही?”

“काही सापडलंच नव्हतं. म्हणजे स्टुलाखाली एक... पण तो दुकानातलाच. लोकांनी यावं म्हणून मी चिठ्ठ्या लावल्या.”

चष्मेवाल्यांना इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या आणि नजर काउंटरवरच्या डाव्या बुटावर खिळली.

आजी मात्र अजून विचारातच होत्या. “पण लोकांनी यायचं कशाला?”

“चष्मे घ्यायला.”

“म्हणजे तू चष्मे विकतोस?”

आता सगळं दुकान एकदम बोलू लागलं. “हे चष्म्याचं दुकान आहे?” काठीवाल्या गृहस्थांनी विचारलं. चष्मेवाल्यांनी दुखावल्या स्वरात भिंतींकडे हात केला. तीनशे फ्रेमा चकाकत होत्या.

“अहो, आम्हाला वाटलं हे सगळे सापडलेले!” एक बाई म्हणाल्या. “मी घरी सांगितलंसुद्धा, तीनशे जमा झालेत म्हणून. लोक किती बेफिकीर असतात, अशी चर्चा झाली आमच्यात.”

सगळे बाहेर जाऊन पाटीकडे पाहू लागले. चष्मेवालेही गेले. चार महिन्यांत त्यांनी ती पाटी पहिल्यांदाच रस्त्यावरच्या माणसासारखी पाहिली. निळा, वळणदार, एकच शब्द.

“क्षितिज म्हणजे,” हेडमास्तरांनी सुरुवात केली, “माणसाची नजर...”

“मास्तर, तुम्ही जरा थांबा,” शिंपी म्हणाला. त्याने खिशातून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि दाराच्या फळीवर लिहिलं, ‘इथे चष्मे बनवून मिळतात’. अर्धं मिनिट लागलं.

हवालदाराने यादीतली शेवटची ओळ खोडली. विक्रीचा माल जमा करता येत नाही, असं म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “मलापण जरा लांबचं धूसर दिसतं.” आजींनी चष्मा परत घातला, पण आधी दोरा सोडायला लावला. “नवा आहे तर नव्यासारखा दिसू दे,” त्या म्हणाल्या, आणि भिंतीला हात न लावता गेल्या.

मेहुणा त्या दिवशी तसाच निघून गेला. आपला मान साफ उतरला असं धरून चष्मेवाले दोन दिवस मान खाली घालून बसले होते. पण लोकांना त्यांच्या मानापमानाशी काही देणंघेणं नव्हतं. आपला चष्मा कोणालाच सापडलेला नाही, हे एकदा कळल्यावर त्यांची आशा सुटली, आणि आशा सुटलेली माणसं एकेक करून स्टुलावर येऊन बसू लागली. रेघा वीस झाल्या, तीस झाल्या. परवानगीचा कारकूनसुद्धा येऊन गेला. फलकाचं काम अजून विचाराधीन होतं.

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी रेघा एकोणपन्नास होत्या.

मेहुणा ठरल्याप्रमाणे आला. बायको कॅलेंडरखाली बसली होती. तिघेही दाराकडे बघत बसले. एक माणूस थांबला, खडूची अक्षरं वाचली आणि पुढे गेला. शेजारी शिंप्याने दुकान बंद केलं. “एक कमी म्हणजे कमीच, दाजी,” मेहुणा म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे कबूल केलं पाहिजे. “खुर्ची हिरवी घेतलीय.”

चष्मेवाले उठले आणि तक्त्यावरचा दिवा बंद करायला गेले.

“राहू द्या तो,” बायको म्हणाली. ती स्टुलावर जाऊन बसली. “नंबर काढा.”

“कोणाचा?”

“माझा. सहा महिने झाले, शिंप्याकडून सुईत दोरा ओवून आणते. तुमचं ते पत्रक मला अजून वाचता आलेलं नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी? गल्लीत कोणाला विचारायचं ठेवलं नाहीत.” ती रागाने बोलत नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. “आणि पहिल्याच दिवशी बसले असते, तर गिऱ्हाईक आलं म्हणून तुम्ही निवांत झाला असता.”

चष्मेवाल्यांनी तपासणीची जड गोल फ्रेम तिच्या डोळ्यांवर चढवली. “आता बरं, की मघाशी बरं?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी हजारो लोकांना विचारला होता.

“आता,” ती म्हणाली.

ती फ्रेम तशीच डोळ्यांवर ठेवून ती कॅलेंडरपाशी गेली आणि मार्करने पन्नासावी रेघ ओढली. मार्कर तोच होता, पण आधीच्या एकोणपन्नास रेघा तिने पुन्हा पुन्हा गिरवल्या होत्या. ही एकदाच ओढली आणि केसासारखी बारीक आली.

“ताई, घरचं माणूस धरायचं नाही!” मेहुणा उसळून उठला.

“शब्द माझा, मोजणी माझी. हवं तर तू मोज.”

मेहुणा कॅलेंडरजवळ गेला आणि बोट ठेवून मोजू लागला. एकोणपन्नासपर्यंत सरळ आला आणि तिथे घुटमळला. डोळे बारीक केले, दोन पावलं मागे सरला, पुन्हा पुढे झाला, मान तिरकी केली. “पन्नासावी कुठे आहे?” तो म्हणाला.

चष्मेवाल्यांनी स्टूल पुसलं आणि त्याच्याकडे वळवलं.

“या,” ते म्हणाले, “बसा.”